आभाळराव नगरकर

या, तुमची ओळख करून देतो. हे आभाळराव. राहणार नगर जिल्हा. घर नंबर नाही, कामाच्या वेळा नाहीत, आणि सांगून येण्याची पद्धत त्यांच्या घराण्यात कधी नव्हतीच. वर्षातले चार महिने यांचा हक्काचा मुक्काम. उरलेले आठ महिने हक्क नसताना केव्हाही टपकतात, आणि नेमके कांदा काढणीला आला की टपकतात. पुस्तकात त्यांना ढग म्हणतात, कवी मेघ म्हणतात. पारावर मात्र "आभाळ आलंय", "आभाळ उतरलंय", "आभाळ गेलं निघून" एवढीच त्यांची खबर असते. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण बोलताना लोक अजून नगरच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. आभाळरावांनी दोन्ही नावांची दखल घेतलेली नाही.

त्यांचा मान मात्र मोठा. पंचांगात प्रत्येक पावसाळी नक्षत्राला वाहन लिहिलेलं असतं: हत्ती, बेडूक, म्हैस, कोल्हा, मेंढा, गाढव. आभाळराव कशावर बसून येणार हे आधी बघायचं आणि मग पेरणीचं बोलायचं, ही जुनी रीत. हत्ती, म्हैस किंवा बेडूक असला की घरात जरा बरं वातावरण असतं. पुनर्वसूतला पाऊस तरणा, पुष्यातला म्हातारा, आणि कित्येक वर्षी म्हाताराच तरण्याला भारी पडतो. इतक्या लोकांनी इतकी वर्षं ज्यांच्या वाहनाची चौकशी केली, त्यांनी एकदाही वेळेवर येण्याचं मनावर घेतलेलं नाही.

पहिला अवगुण पक्षपात. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर आणि रतनवाडी ही गावं आहेत. तिथे एका पावसाळ्यात हे पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी ओततात. घाटघरला लोक नगरचं चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. तिथून पूर्वेला निघा. भंडारदरा मागे पडतं, राजूर येतं, अकोले, संगमनेर, आणि दर वीस-पंचवीस किलोमीटरला आभाळरावांचा हात आखडत जातो. नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेडपर्यंत पोचेतो आकडा पाचशे-सहाशेवर आलेला असतो, तोही चांगल्या वर्षी. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, चौदा तालुके, एक जिल्हाधिकारी, आणि पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत पावसात जवळजवळ दहा पटींचा फरक.

जाब विचारला तर आभाळराव डोंगराकडे बोट दाखवतात, आणि खरं सांगायचं तर त्यात तथ्य आहे. अरबी समुद्रावरची दमट हवा कोकण ओलांडून येते आणि सह्याद्रीच्या भिंतीला धडकते. वर चढण्यावाचून तिला इलाज नसतो. चढताना हवा थंड होत जाते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, आणि १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या परिसरात येईतो बरंचसं ओझं उतरवून आभाळराव मोकळे होतात. पलीकडे उतरताना तीच हवा पुन्हा तापते, कोरडी होते, उरलंसुरलं विरून जातं. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. नगर तालुक्यातला शेतकरी "सगळं अकोल्यातच सांडलं" म्हणतो.

सांडलेलं पाणी १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणात, खाली निळवंड्यात, राहुरीच्या मुळा धरणात साठतं आणि त्याच्याही खाली जायकवाडी वाट बघत असतं. कुणी किती पाणी सोडायचं यावरून पावसाळा संपला की नगर-नाशिक आणि मराठवाडा एकमेकांना कोर्टाच्या पायऱ्या दाखवतात. भांडणाला तोंड फुटतं तेव्हा मूळ पुरुष गावात नसतो.

यांच्या उंबऱ्यावर थबकण्याच्या सवयीची नोंद जुनी आहे. कर्नल विल्यम साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत असे: जमीन, माणसं, पशुपक्षी आणि हवा. त्यानं दख्खनच्या हवामानावर लिहिलेला निबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापला. त्यात हरिश्चंद्रगडाचा कडा आहे. कोकणातलं धुकं त्या हजारो फुटांच्या तुटलेल्या कड्याच्या वर थोडं डोकं काढतं, पण पठारावर येत नाही, असं साइक्स लिहितो. साहेबाची नजर चांगली होती. वर आलेले दिसतात, आत मात्र येत नाहीत. जामखेडच्या माणसाला आभाळरावांबद्दल याहून वेगळं काही सांगायचं नसतं.

त्याच कड्यावर त्यांचा दिखाऊपणाही साइक्सनं पाहिला. सूर्य पाठीशी, समोर धुक्याचा थर, थरावर आपली सावली आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगांचं पूर्ण गोल कडं. आपल्याकडे त्याला इंद्रवज्र म्हणतात. धुक्याचे बारीक थेंब प्रकाश उलट आपल्याच दिशेला फेकतात, त्यामुळे प्रत्येकाला कडं दिसतं ते स्वतःच्याच डोक्याभोवती. शेजारी उभ्या असलेल्या मित्राचं डोकं आपल्याला बोडकंच दिसतं आणि त्याला आपलं. माणसाला खूश करण्याची याहून सोपी युक्ती कुणा पुढाऱ्यालाही सुचलेली नाही. हल्ली पावसाळ्यात पुण्या-मुंबईची मंडळी हे बघायला म्हणून गडावर चढतात. आभाळराव बहुतेकदा अख्खा कोकणकडा अंगाखाली घेऊन बसलेले असतात आणि मंडळी पांढऱ्या पडद्यासमोर फोटो काढून परततात.

पण त्यांचा खरा स्वभाव कळायला पूर्वेच्या पठारावर एक जुलै काढावा लागतो. सकाळपासून आभाळ गच्च. वारा असा की पत्र्यांवर ठेवलेले दगडसुद्धा सावध होतात. पश्चिमेकडून ढगांच्या रांगांवर रांगा येतात आणि बीडच्या दिशेला निघून जातात. ऊन नाही, पाऊस नाही, बाजरी हाताच्या वितीएवढी होऊन थांबलेली. "आभाळ पळतंय," लोक म्हणतात. कुठे पळतंय, कुणाच्या लग्नाला, हे कुणालाच ठाऊक नाही. पोचल्याची खबर बीडकडूनही येत नाही.

या पळापळीत त्यांच्याजवळ पाणी नसतं असं मुळीच नाही. एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा एक साधा ढग धरला तर त्यात पाचशे टनांच्या घरात पाणी असतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. उन्हाळ्यात ज्या गावाला टँकरच्या दोन खेपांसाठी तहसील कचेरीत अर्ज करावा लागतो, त्याच गावावरून जुलैत असे शेकडो टँकर रिकामे न होता जातात. अडचण सुट्ट्या पैशांची आहे. ढगातला एकेक थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो. जमिनीपर्यंत पोचेल असा धड पावसाचा एक थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख थेंब एकमेकांत मिसळावे लागतात. मिसळायला ढगाला जाडी लागते, वेळ लागतो. जुलैतल्या नगरवर हे येतात ते पातळ होऊन आणि घाईत.

असा माणूस पळाला की दोष दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागतो. पारनेर तालुक्यात सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. पवनचक्कीची पाती आभाळाला हाकलतात, ही कुजबुज महाराष्ट्रातल्या पवनचक्कीच्या बऱ्याच गावांनी ऐकली असेल. ज्या वाऱ्यानं पाती फिरतात तोच वारा ढग पळवत असतो, त्यामुळे दोघं एकाच वेळी जोरात दिसतात, इतकाच त्यांचा संबंध. अनेक किलोमीटर पसरलेल्या आभाळाला डोंगरावरच्या पात्यांनी वळण लागलं असतं, तर सरकारनं ती केव्हाच उलटी बसवून घेतली असती.

दुसरा मार्ग लाच देण्याचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, तो शास्त्रशुद्ध पद्धतीनं करून पाहिला. १९७३ ते १९८६ या काळातल्या अकरा पावसाळ्यांत बारामतीच्या परिसरात, म्हणजे आपल्या श्रीगोंदा-कर्जतच्या भीमेपलीकडे, विमानातून ढगांत मिठाची पूड सोडली. पूड गोळे धरू नये म्हणून तिच्यात शंखजिरं मिसळलेलं होतं. मिठाचा कण पाणी ओढतो, थेंब मोठे होतात, मोठे थेंब लहानांना गिळत खाली येतात, असा हिशेब. चिठ्ठ्या टाकून काही भागावर फवारणी करायची, काहीवर नाही, आणि मग ताळा घ्यायचा. सरासरी २४ टक्के जास्त पाऊस निघाला. पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरला याच संस्थेनं नव्या साधनांनी पुन्हा प्रयोग केला, तेव्हा आकडा १८ टक्क्यांच्या आसपास आला. दोन्ही वेळी पटवला तो आधीच बरसायच्या बेतात असलेला ढग. सरकारनंही २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाची विमानं उडवली. पंचाईत अशी की दुष्काळाच्या वर्षी मुळात पटवण्याजोगे ढगच थोडे. आभाळराव घरी नसताना त्यांच्या दारात पाकीट ठेवून येण्यात काय हशील?

इथवर सांगितलं ते गावकीतलं. वरच्या कोर्टात त्यांच्यावर एक मोठा खटला चालू आहे, त्याबद्दल आता सांगतो. पृथ्वी तापते आहे, त्यात आभाळराव कुणाच्या बाजूचे, हा तो खटला. अर्धशतक झालं, तारखा पडताहेत. साक्षीदार जगभरचे आहेत, पण आरोपी एकाच दिवशी दोन्ही बाजूंनी जबानी देतो.

दिवसा बघा. खाली उतरलेला जाड ढग वरून पांढराशुभ्र असतो. ऊन त्याच्यावर पडतं आणि आल्या वाटेनं परत जातं. जमिनीला गारवा मिळतो. आता रात्री बघा. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असलं की नगरचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि राज्यातल्या सगळ्यात थंड शहरांच्या यादीत आपलं नाव वर जातं. जमिनीनं दिवसभर घेतलेली उष्णता रात्री वर निघून जाते, अडवायला कुणी नसतं. त्याच आठवड्यात आभाळ आलं की पहाटेची थंडी मोडते. आभाळराव रात्रभर गोधडीसारखे जिल्ह्यावर पसरलेले असतात. माणसाला बरं वाटतं, गव्हाला वाटत नाही. त्याला ती थंडी हवी असते.

त्यांच्या घराण्यातच दोन तट आहेत. लंडनच्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषधांच्या व्यापाऱ्यानं १८०२ मध्ये या खानदानाची पहिली नीट वंशावळ मांडली: स्ट्रेटस, क्युम्युलस, सिरस आणि पाऊस पाडणारा निंबस. नावं अजून तीच चालतात. खालच्या मजल्यावरचे स्ट्रेटस आणि क्युम्युलस प्रामुख्यानं सावली धरतात. वरच्या मजल्यावरचा सिरस बर्फकणांचा, विरळ, दिसायला तलम. तो ऊन बिनदिक्कत खाली सोडतो आणि जमिनीवरून वर येणारी उष्णता मात्र अडवतो. कोणत्याही क्षणी पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग या कुटुंबाच्या छायेत असतो, त्यामुळे भाऊबंदकीचा निकाल काय लागतो याला महत्त्व आहे.

आजवरचा निकाल आपल्या बाजूचा आहे. दोन्ही तटांची वजाबाकी केली तर ढग पृथ्वीला गारच ठेवतात, दर चौरस मीटरला सरासरी वीस वॉटच्या आसपास. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जी जादा उष्णता अडकते ती सुमारे चार वॉट. आता आभाळरावांचं वजन लक्षात येईल. त्यांनी आपल्या सवयीत जरासा जरी बदल केला, तरी आपला सगळा ताळेबंद इकडचा तिकडे होतो. आणि सवयी बदलणं हा तर त्यांचा छंदच.

म्हणूनच शास्त्रज्ञ जेरीला आले. १९७९ मध्ये अमेरिकेत ज्यूल चार्नी यांच्या समितीनं अंदाज केला की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान दीड ते साडेचार अंशांनी वाढेल. दीड आणि साडेचारमध्ये केवढं अंतर! एकात निभावून जाता येईल, दुसऱ्यात नाही. हे अंतर पुढची चाळीस वर्षं जवळजवळ तसंच राहिलं. संगणक मोठे झाले, उपग्रह वाढले, तरी दर वेळी घोडं ढगांपाशीच अडे. कारण ढग किलोमीटरभराचा आणि त्यातला थेंब केसाहून बारीक. एवढं मोठं आणि एवढं लहान एकाच गणितात बसवायचं म्हणजे दमछाक. अखेर २०२१ मध्ये आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या, अहवालात अंदाज अडीच ते चार अंशांवर आला, आणि त्याबरोबर आभाळरावांबद्दलचा निष्कर्षही: पृथ्वी तापत जाईल तसे ढग एकंदरीत त्या तापण्यात भरच घालतील. उष्ण समुद्रांवरचे सावली धरणारे खालचे ढग विरळ होतात. वरच्या मजल्यावरचे आणखी वर सरकतात आणि उष्णता जास्त अडवतात.

२०२३ हे तोवरच्या नोंदींतलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं. ते अपेक्षेपेक्षाही जास्त का तापलं याचा शोध घेणारा एक निबंध २०२४ च्या डिसेंबरात 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्या वर्षी पृथ्वीनं परतवलेलं ऊन नीचांकी होतं आणि खालचे ढग घटलेले होते. न उलगडणाऱ्या जवळपास ०.२ अंशांचा हिशेब त्यातून लागतो, असं त्या संशोधकांचं म्हणणं. आपल्या भाषेत सांगायचं तर घरचा माणूस हळूहळू फितूर होतोय. पुरता झालेला नाही. अजूनही त्याची सावली आपल्याच अंगणात जास्त पडते. पण पूर्वीइतका भरवसा राहिलेला नाही.

त्याला फितवलं कुणी, याचंही उत्तर आहे. कालिदासानं मेघदूतात ढग कशाचा बनतो ते सांगताना धुराला पहिला मान दिला आहे. हवेत धुराचा, धुळीचा किंवा मिठाचा कण असल्याशिवाय वाफेला बसायला पाट मिळत नाही. पण पाट वाजवीपेक्षा जास्त मांडले की तेवढंच पाणी जास्त पानांत वाढावं लागतं. थेंब बारीक राहतात, ढग अधिक पांढरा दिसतो, ऊन जास्त परतवतो आणि पाडायची वेळ आली की चालढकल करतो. कोळशाच्या विजेपासून डिझेलच्या गाड्यांपर्यंत आणि आपल्याकडे पेटवल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापर्यंत, माणूस हे पाट मांडत आला. गंमत अशी की त्या धुरानं ढग पांढरे करून तापमानवाढीचा काही भाग झाकून ठेवला. २०२० पासून जहाजांच्या इंधनातला गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणला गेला. हवा सुधारली, समुद्रावरच्या ढगांचा उजळपणा थोडा कमी झाला आणि झाकण जरा किलकिलं झालं. म्हणून धूर जपून ठेवावा असं कुणी म्हणत नाही, त्यानं माणसं मरतात. पण एक घाण दुसऱ्या घाणीला लपवत होती, हे कळल्यावर हसावं की रडावं ते समजत नाही. महाबळेश्वरला २०१२ पासून आयआयटीएमची एक प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात आभाळराव तिथे स्वतःहून दारात येतात आणि शास्त्रज्ञ त्यांचे थेंब नि कण मोजून घेतात. महाराष्ट्रात त्यांची इतकी बारकाईनं झडती दुसरीकडे क्वचितच होत असेल.

आता राग. पूर्वी त्यांच्या रागाला ऋतू होता. एप्रिल-मेमध्ये दुपारी वळवाचा ढग उठायचा, धूळ उडवायचा, दोन आंबे पाडायचा आणि तासाभरात निवळायचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांनी महाराष्ट्रावर दोन-तीन आठवडे गारांचा मारा केला. गहू, हरभरा, कांदा, डाळिंब, द्राक्षं, काही सोडलं नाही. बारा-तेरा किलोमीटर उंच चढलेला ढग आतल्या आत बर्फाचे गोळे वर-खाली झेलत असतो आणि पेलेनासे झाले की सोडून देतो.

हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. म्हणजे आभाळरावांचा खिसा मोठा झाला. खिसा भरायला जास्त दिवस लागतात आणि रिता होतो तो एकदम. आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या. नगर त्या पट्ट्याच्या काठावर बसतं. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला, एरवी त्याची तारीख ११ जून. त्याच वर्षी सप्टेंबरात पाथर्डी-शेवगावकडे आभाळराव असे काही उतरले की ओढ्यांनी पात्र सोडलं आणि जमिनी खरडून नेल्या. ज्या तालुक्यांना दर उन्हाळ्यात टँकर मोजायची सवय, त्यांनी त्या महिन्यात पंचनामे मोजले.

सरकारदरबारी या रागाची एक रेघ आखलेली आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी. ६४ पडला तर नुसता पाऊस. पर्जन्यमापक मंडळातल्या एका गावात आणि आभाळराव ओतणार शेजारच्या शिवारात, बांधाच्या अल्याड चिखल आणि पल्याड धूळ. शेतकरी तलाठ्याला वाहून गेलेली माती दाखवतो, तलाठी त्याला आकडा दाखवतो. दोघंही खरं बोलत असतात.

हिवाळ्यात येतात तेव्हा न बरसताही नुकसान करतात. दोन दिवस ढगाळ, सकाळी धुई, की कांद्यावर करपा, हरभऱ्यावर घाटेअळी, डाळिंबावर तेल्याची भीती. त्या दिवसांत कृषी सेवा केंद्राचा मालक तेवढा त्यांच्यावर खूश असतो.

त्यांच्याशी धड व्यवहार जमवलेलं एक गाव आमच्या जिल्ह्यात आहे: नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं १९९० च्या आसपासपासून या गावानं डोंगरावर चर खणले, बांध घातले, झाडं लावली, आणि मुख्य म्हणजे आभाळरावांचा शब्द ऐकणं बंद केलं. गाव पाऊस मोजतं. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो: किती पडलं, किती मुरलं, प्यायला किती ठेवायचं, उरलं त्यात कोणतं पीक बसतं. कमी पडलं तर कमी पेरायचं. शेतीसाठी बोअर मारायची नाही, ऊस लावायचा नाही. सहकारी साखर कारखानदारीचं माहेर असलेल्या जिल्ह्यात ऊस नको म्हणणं, म्हणजे आभाळरावांशी भांडण्यापेक्षा मोठी हिंमत. पाचशे मिलिमीटरच्याही आत राहणाऱ्या वर्षांत या गावानं टँकर टाळले आहेत.

तर झाली ओळख. यापुढे रोहिणी-मृगात एखाद्या संध्याकाळी आभाळराव पश्चिमेकडून काळेभोर होऊन येतील, गडगडाट करतील, दोन शिंतोडे टाकून मातीचा वास उठवतील आणि तुम्हाला वाटेल की आता हे राहिलेच. विश्वास ठेवू नका. कृषी खातं दर जूनमध्ये सांगतं ते ऐका: पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस मोजून झाल्याशिवाय आणि वाफसा आल्याशिवाय तिफण बाहेर काढू नका. दुबार पेरणीचं बियाणं आभाळराव भरून देत नाहीत.